वाचनालयातले बंद स्टेपलर: दुरुस्तीच्या नोंदी

३ जून २०२४

आमच्या गावच्या वाचनालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये स्टेपलरसमोर ‘नादुरुस्त’ असा शेरा दरवर्षी वाढतच चालला होता. या वेळी कार्यकारिणीच्या सभेत सगळेच निर्लेखित करून भंगारात द्यायचा विषय निघाला. आधी एकदा उघडून बघू, असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. सोमवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा टेबल रिकामं मिळतं. ग्रंथपाल मॅडमनी कपाटातला खोका काढून दिला. पुढच्या दोन महिन्यांत वार्षिक अहवालाच्या प्रती, बालविभागाचं हस्तलिखित आणि जुन्या पावत्यांचे गठ्ठे अशी तीन कामं आहेत. तिन्हींना स्टेपलर लागणार.

आज फक्त वर्गवारी केली. सगळ्यांत जास्त आहेत ते छोटे, दहा नंबरचे. मग टेबलावरचे मोठे, २४/६ पिनेचे. आणि एकच लांब दांड्याचा, २३/१३ पिनेचा, जाड गठ्ठ्यांसाठी घेतलेला.

हत्यारं हातात घ्यायच्या आधी प्रत्येकातली पिनांची पट्टी बाहेर काढून बघितली, आणि खरा उलगडा तिथेच झाला. मोठ्या स्टेपलरपैकी निम्म्याहून जास्त यंत्रांत दहा नंबरच्या पिना भरलेल्या होत्या. दहा नंबरची पिन अरुंद असते, पाठ (पिनेची वरची आडवी तार) जेमतेम नऊ मिलिमीटर. २४/६ ची पाठ साडेबारा मिलिमीटरच्या थोडी वर. रुंद पन्हळीत अरुंद पिना सैल पडतात, तिरक्या होतात आणि तोंडाशी जाऊन आडव्या अडकतात. माणूस जोर लावतो, त्या आणखी घट्ट बसतात, मग यंत्र ‘नादुरुस्त’ होतं. उलट चूक होत नाही, कारण २४/६ ची पट्टी छोट्या स्टेपलरमध्ये शिरतच नाही.

आकडे कसे वाचायचे हे दोघातिघांनी विचारलं, म्हणून इथे लिहून ठेवतो. २४/६ मधला २४ हा तारेचा गेज. हा आकडा वाढला की तार बारीक होते. ६ म्हणजे पायाची लांबी, मिलिमीटरमध्ये. म्हणून २६/६ ची पिन तेवढ्याच लांबीची, पण बारीक तारेची. पाठ तेवढीच रुंद असल्यामुळे २४/६ च्या बऱ्याच यंत्रांत ती चालते. दहा नंबर हे मात्र नुसतं नाव, त्यात माप नाही. पाय साधारण ५ मिलिमीटर. डबीवर १०-१एम लिहिलेलं असतं, त्यातला एम म्हणजे हजार पिना.

५ जून

संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर अडकलेल्या पिना काढल्या. पद्धत अशी बसली: पट्टी काढून घ्यायची, स्टेपलर पूर्ण उघडायचा, तोंड खाली करून टेबलावर ठेवायचं आणि वरचा दांडा हळूच दाबायचा. आतलं पातं खाली येतं आणि अडकलेली पिन तोंडातून थोडी बाहेर डोकावते. ती बारीक चिमट्याने किंवा जाड सुईने ओढायची. दाबताना तोंडाभोवती फडकं धरा आणि चेहरा समोर नेऊ नका. दबलेली पिन सुटताना जोरात उडते.

पक्कड या कामाला उपयोगाची नाही. तिची टोकं जाड असतात, पिनेची पाठ तुटते आणि दोन पाय आतच राहतात. एका स्टेपलरमध्ये असेच पाय राहिले होते, ते काढण्यात जवळजवळ तास गेला. शेवटी दुसऱ्या स्टेपलरची सरळ केलेली पिन पन्हळीच्या मागून आत सारली आणि त्यांना पुढे ढकललं.

अडकलेलं काढलं, पन्हळ ब्रशने साफ केली आणि योग्य पिन भरली, एवढ्यावर खोक्यातली बरीच यंत्रं चालू झाली. आतापर्यंत खर्च फक्त पिनांच्या डब्यांचा.

१० जून

पाऊस लागला. खिडक्या बंद ठेवल्या तरी कपाटात ओल येतेच, आणि आज गंजाचं काम हातात घेतलं.

गंजलेल्या स्टेपलरमध्ये पिना ढकलणारा लोखंडी तुकडा पन्हळीत घट्ट बसतो. पट्टी पुढे सरकत नाही, आपण दाबतो, पातं खाली येतं आणि कागदावर नुसता ठसा उमटतो. ‘दाबलं तरी पिनच येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याची असते. पन्हळ बारीक पॉलिश पेपरने आतून घासली. पॉलिश पेपर बोटाने आत पोचत नाही, म्हणून आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून घेतला. मग शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब.

तेलाचा त्रासही झाला. पहिल्या यंत्रात जरा सढळ हाताने घातलं, तर पुढची सगळी पट्टी तेलकट झाली आणि प्रत्येक पिनेभोवती कागदावर डाग पडू लागला. अहवालाच्या प्रतींवर असा डाग चालणार नाही. आता तेल टाकल्यावर पन्हळ सुती फडक्याने कोरडी पुसतो आणि रद्दी कागदावर डाग पडायचा थांबेपर्यंत पिना मारून बघतो. तेलाची खरी गरज बिजागरीच्या रिव्हेटला आणि ढकलणाऱ्या तुकड्याच्या कडांना असते. तोंडाशी तेल नको.

ढकलणारी स्प्रिंग सैल झाली असेल, तर पट्टीतल्या शेवटच्या काही पिना पुढे येत नाहीत, कलून पडतात. स्प्रिंग हाताने ताणून लांब करण्याचा उपाय करून बघितला. ताणली की तिचा जोर आणखी कमी होतो. दहा नंबरच्या एका पार गंजलेल्या स्टेपलरची स्प्रिंग मात्र शाबूत होती. ती काढून बसवली आणि काम झालं. म्हणून एखादा पूर्ण मेलेला स्टेपलर फेकू नये, सुट्या भागांसाठी ठेवावा.

१७ जून

आजचा सगळा दिवस एकाच दुखण्यावर गेला. हेच दुखणं सगळ्यांत जास्त विचारलं जातं: एक पाय दुमडतो, दुसरा नाही.

कागद उलटा केला की डावा पाय छान आत वळून कागदाला चिकटलेला दिसतो. उजवा मात्र उभाच राहतो, बोटाला टोचतो. आत काय चाललंय ते आधी लक्षात घ्यायला हवं. दांडा दाबला की पातळ पोलादी पातं सरळ खाली येतं आणि पट्टीतली सर्वांत पुढची एकच पिन तिच्या शेजारणीपासून तोडतं. पट्टीतल्या पिना चिकट थराने जोडलेल्या असतात, तो जोड इथे तुटतो. तुटलेल्या पिनेचे दोन्ही पाय तोंडाच्या अरुंद भिंतींमध्ये सरळ धरलेले राहतात, म्हणूनच एवढी बारीक तार वीस-पंचवीस कागद भेदून जाते. खाली पोचल्यावर पाय तळाच्या चकतीवरच्या दोन खाचांत उतरतात आणि खाचांच्या उतारावरून आत वळतात. खाचेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर जरी पाय पडला तरी तो वळत नाही.

म्हणजे दोष दोनपैकी एका ठिकाणी असणार. तोंड आणि खाचा समोरासमोर नाहीत, किंवा पातं एका कोपऱ्याला झिजलं आहे. कुठलं ते ओळखायची सोपी तऱ्हा सापडली. तळपट्टी हाताने डावीकडे दाबून धरायची आणि एक पिन मारायची. मग उजवीकडे दाबून दुसरी. यातल्या एका वेळी दोन्ही पाय नीट दुमडले, तर बिजागरी ढिली आहे. दोन्ही वेळी तोच पाय उभा राहिला, तर पातं.

बिजागरी ढिली असलेले बरेच निघाले. सुरुवातीला फटीत झटपट चिकटणारा गोंद भरून बघितला. थोड्याच पिना मारल्यावर तो भुगा होऊन पडला, आणि जिथे टिकला तिथे तळपट्टीच हलेना. उपाय जुनाच ठरला. रिव्हेटचं एक डोकं लोखंडी वजनावर टेकवायचं आणि दुसऱ्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. फार ठोकलं तर बिजागरी आवळते आणि दांडा परत वर उठत नाही. यासाठी ठोकताना दोन पत्र्यांच्या फटीत जुन्या पोस्टकार्डाची पट्टी घालून ठेवतो. नंतर ती ओढून काढली की नेमकी तेवढीच मोकळीक राहते.

झिजलेलं पातं धार लावायच्या बारीक दगडावर उभं धरून घासलं. त्याची खालची कड सरळ आणि काटकोनात हवी. कडेला बारीक बर (धातूची खरखरीत कोर) आली असेल तर ती जाते आणि पातं चालतं. कोपरा गोल झाला असेल तर मात्र घासून उपयोग नाही. तेवढी उंची कमी झाल्यावर पिनेची पाठ कागदावर पुरती बसत नाही.

एकदम दोन पिना येण्याचं कारणही तोंडाशीच मिळालं. पुढचा पत्रा बाहेर फाकला की फट रुंद होते आणि पात्याबरोबर मागची पिनही घुसते. भिंगातून बघितलं तर फटीत दोन पिना शेजारी शेजारी उभ्या राहत होत्या. पुढचा पत्रा पक्कडीने थोडा आत दाबला. माप म्हणून एक सुटी पिनच वापरली: एक पिन सहज जावी, दोन जाऊ नयेत. दाबताना पक्कडीच्या तोंडात चामड्याचा तुकडा धरा, नाहीतर पत्र्यावर दात उमटतात आणि पिना तिथे खरवडतात.

२४ जून

वार्षिक अहवालाच्या प्रती आज लावल्या. शिपाईकाकांनी एक गठ्ठा आणला, पिन मारली, पाठ वाकडी झाली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. त्यांना वाटलं, स्टेपलर परत बिघडला. स्टेपलर ठीक होता, गठ्ठा जाड होता.

याचा हिशेब फार सोपा आहे आणि तो स्टेपलरच्या बाजूला चिकटवून ठेवावा असा आहे. नेहमीच्या ७५ जीएसएमच्या कागदाचे दहा ताव म्हणजे साधारण एक मिलिमीटर. पायाच्या लांबीतून गठ्ठ्याची जाडी वजा करा. मागे दुमडायला किमान तीन मिलिमीटर उरले पाहिजेत. दहा नंबरची पाच मिलिमीटरची पिन म्हणजे वीस कागद. २४/६ ची सहा मिलिमीटरची म्हणजे तीस. २३/१३ म्हणजे शंभर. याच्या वर गेलं की एक तर पाय मागे पोचत नाही, किंवा पोचायच्या आधीच आतल्या आत वाकतो आणि पिन कागदावर चुरगळून बसते. ओलसर दिवसांत कागद फुगतो, तेव्हा दोन-तीन कागद कमीच धरावेत. आर्टपेपरचं मुखपृष्ठ असेल तर तेही दोन-तीन कागदांएवढं मोजावं.

उलटही होतं. वीस कागदांना २३/१३ मारली तर मागे प्रत्येकी अकरा मिलिमीटर पाय उरतात. पाठच जेमतेम साडेबारा, म्हणून दोन्ही पाय एकमेकांवर चढतात आणि टोकं पुन्हा कागदातून वर येतात. ‘मोठी पिन म्हणजे पक्की’ असं समजून कुणीतरी असे लावलेले जुने गठ्ठे इथे आहेत. त्यांवर हात फिरवला तर बोट फाटतं.

तळाची चकती फिरते कशाला, हा प्रश्न ग्रंथपाल मॅडमचा. मोठ्या स्टेपलरमध्ये चकतीखालचं बटण दाबून ती अर्धी फिरवता येते. एका बाजूच्या खाचा पाय आत वळवतात, दुसऱ्या बाजूच्या बाहेर. बाहेर वळलेली पिन टाचणीसारखी एका बाजूने ओढली की निघते, कागद फाटत नाही. तात्पुरते जोडायचे कागद, म्हणजे तपासायची बिलं किंवा सह्यांसाठी फिरणारा अर्ज, यांना ती बाजू वापरावी. आमच्याकडच्या दोन ‘बिघडलेल्या’ यंत्रांचा दोष एवढाच होता की चकती उलटी फिरलेली होती. सगळ्यांना वाटत होतं, पाय बाहेर का जातात.

१ जुलै

बालविभागाचं हस्तलिखित. ए४ कागद मधोमध दुमडून ए५ पुस्तिका, आत सहा ताव आणि वर मुखपृष्ठ. प्रेसवाले ज्याला सेंटर पिन म्हणतात ती मारायची होती. घडी कडेपासून जवळजवळ पंधरा सेंटिमीटरवर येते आणि साध्या स्टेपलरची पोच त्याच्या निम्म्याच्या आसपास. घडीपर्यंत पोचणारा लांब हाताचा स्टेपलर मिळतो, पण वर्षातून एकदाच्या कामासाठी तो घेणं मला पटेना.

स्टेपलर पूर्ण उघडून तळपट्टी बाजूला केली आणि पुस्तिका मऊ वस्तूवर ठेवून वरून पिन मारली. खाली काय ठेवायचं यावरच सगळं अवलंबून आहे. वर्तमानपत्रांच्या जाड थरात पाय रुतून बसतात. पुस्तिका उचलताना पिन वाकडी होते, घडीवरचा कागद फाटतो. थर्माकोलवर पाय सरळ उतरतात, पण दाब दिला की घडी खोल दबते आणि मुखपृष्ठाला खड्डा पडतो. चांगलं चाललं ते नालीदार पुठ्ठ्याचं. पुस्तकांच्या पार्सलचा पुठ्ठा दुहेरी करून ठेवला. पाय त्यात सहज जातात, वरचा पृष्ठभाग सपाट राहतो, उचलताना पिन अलगद सुटते.

मुखपृष्ठाची बाहेरची बाजू वर ठेवायची, म्हणजे पिनेची पाठ कण्यावर बसते आणि पाय आतल्या मधल्या पानावर येतात. घडीची रेघ आधी पेन्सिलने वर-खाली खूण करून घ्यावी. दोन पिना, दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर. मग पुस्तिका उलटी करून पाय चमच्याच्या पाठीने दाबून आत वळवायचे. मुलांनी हे दुमडायचं काम स्वतः मागून घेतलं. उभ्या पिनांवर हात जाऊ नये म्हणून प्रत्येक पुस्तिका पिन मारल्या मारल्या दुमडायची आणि मगच पुढची घ्यायची, असा नियम ठेवला.

लांब हाताच्या स्टेपलरचे आणि बाहेरून पिना मारून घेण्याचे, दोन्ही पैसे वाचले. वेळ मात्र भरपूर लागतो. शंभराच्या वर प्रती असतील तर प्रेसमध्येच द्याव्यात.

८ जुलै

२३/१३ चा मोठा स्टेपलर. बाहेरून शाबूत, पण दाबल्यावर दांडा वर येत नाही. तळाशी असलेली पट्टीची स्प्रिंग तडकली होती. गावातल्या गॅरेजवाल्याने पोलादी पट्टीचा तुकडा कापून दिला, पैसे घेतले नाहीत. पहिला तुकडा नुसता वाकवून बसवला, तर दोन दिवसांत तो सरळ झाला. साधं लोखंड दबलं की दबलेलंच राहतं, परत उसळत नाही. स्प्रिंगला ताव दिलेलं पोलाद लागतं. दुसरी पट्टी त्याने जुन्या करवतीच्या पात्यातून काढली, ती टिकली आहे. नवीन यंत्राला हजाराच्या आसपास खर्च आला असता.

२२ जुलै

पावत्यांचे जुने गठ्ठे. यात स्टेपलर नाही, स्टेपलरने मागे ठेवलेलं काम आहे.

किनाऱ्याजवळच्या हवेत पिन गंजते, आणि गंज सुरू कुठून होतो हे आज भिंगातून नीट दिसलं. पिनेच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो, पण पायाची टोकं कापलेली असतात, तिथे लोखंड उघडं असतं. म्हणून वरून चकचकीत दिसणाऱ्या पिनेच्या मागे, शेवटच्या कागदावर, दोन तपकिरी ठिपके आधी उमटतात. मग ठिपक्याभोवतीचा कागद ठिसूळ होतो आणि एक दिवस पिनेच्या आकाराचं भोकच उरतं. गठ्ठा तपासताना पहिलं पान बघू नका, शेवटचं बघा.

गंजलेली पिन दातेरी रिमूव्हरने ओढायची नाही. तो पाठ वर खेचतो, पाय न उघडताच कागदातून येतात आणि ठिसूळ भाग सोबत जातो. कागद उलटा ठेवून आधी दोन्ही पाय बोथट चाकूने उभे करायचे. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे चाकू कागदाला लागत नाही. मग पुढून पाठ उचलायची. पाय गंजून तुटला तर तुकडा मागून काढायचा.

आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आठवण काढली की पूर्वी नोटांच्या बंडलांनाही पिना मारत आणि नोटा कोपऱ्यात फाटत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना पिना बंद करून कागदी पट्टी बांधायला सांगितलं. मलाही आमच्या पावत्यांसाठी तोच मार्ग योग्य वाटतो. कायम ठेवायचे गठ्ठे पिनेऐवजी दोन भोकांतून ओवलेल्या सुती दोऱ्याने बांधायला घेतले आहेत. भोकं नवी पाडायची नाहीत, पिनेचीच दाभणाने थोडी मोठी करायची. ज्या कागदांचं आयुष्य वर्षा-दोन वर्षांचं, त्यांना पिन चालेल. उघडलेल्या पिनांच्या डब्या आता झाकणाच्या बरणीत, तांदळाची पुरचुंडी घालून ठेवल्या आहेत.

रजिस्टरमधले बहुतेक ‘नादुरुस्त’ शेरे आज ग्रंथपाल मॅडमनी खोडून सही केली. दहा नंबरचे, पात्याचा कोपरा गोल झालेले काही स्टेपलर सुट्या भागांसाठी वेगळे ठेवलेत. पातं सुटं कुठे मिळालं तर ते पुन्हा उघडेन.